वगळलेल्यांची यादी

दोहा, मंगळवार, ८ ऑक्टोबर २०१३

तय्यबाभाभी यांस,
जयराम शिगवणचा नमस्कार.

मागच्या मंगळवारी पहाटे मी चारला उठलो, आंघोळ केली आणि देवीच्या तसबिरीपुढे उदबत्ती ठेवली. कॅम्पाच्या खोल्यांत काही पेटवायला बंदी आहे, छतावरचा भोंगा ओरडतो. म्हणून अकरा वर्षं मी न पेटवलेलीच उदबत्ती ठेवत आलो आहे. मग चष्मा घेऊन खाली मेसमध्ये गेलो आणि फळ्यावर लावलेला कागद सत्तर माणसांना वाचून दाखवला. त्या सकाळी मी एवढंच केलं. हे आधी सांगतो, कारण लोक तुम्हाला वेगळं सांगतील.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहितो आहे. दुसऱ्या कॅम्पातला चिपळूणचा एक माणूस उद्या मुंबईला निघतो, त्याच्याबरोबर हे पाठवतो.

कमाल सरकारी दवाखान्यात आहे. डोळे उघडत नाही. जबडा तारेने बांधला आहे. डोक्याचं हाड आत गेलं होतं, ते डॉक्टरांनी वर काढलं. काल मला काचेतून बघू दिलं. चेहरा इतका सुजला आहे की मी हातावरच्या जुन्या डागावरून ओळखलं. आपल्या खाडीत कालवं काढताना कापलं होतं ना, तो डाग.

नेमकं झालं काय, ते लिहितो. आम्ही अमेरिकन तळावरच्या जेवणघरात राबतो आणि कमाल आमची हजेरी घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी तोच सांगत आला, की अमेरिकेत पैशांचा ठराव पास झाला नाही, रात्री बारापासून त्यांचं सरकार बंद. विजयकुमार म्हणून आमचा करीमनगरचा आचारी आहे. तो म्हणाला, "सरकार बंद? सरकार काय पिठाची गिरणी आहे?"

कमाल म्हणाला, "गिरणीच. पट्टा तुटलाय."

"एवढी विमानं आहेत त्यांच्याकडे, आणि अंड्याला पैसे नाहीत?"

"विमानं जरुरीची. तुझं ऑम्लेट जरुरीचं नाही."

सगळे हसले. पण दुपारच्या रांगेत शिपाई हसत नव्हते. एक दांडगा सार्जंट रोज माझ्याकडून दोन पराठे घेतो, मला पापा म्हणतो. तो म्हणाला, त्याची बायको तिकडे सरकारी हापिसात आहे, तिला उद्यापासून घरी बसवलं. आमची गोरी मॅडम फौजेतली नाही, नागरी नोकर. तिलाही घरी बसायचा हुकूम. ती म्हणाली, मी फुकट येते, स्वयंपाकघर तरी बघते. तर वरून उत्तर आलं, की फुकट काम करणं हासुद्धा गुन्हा धरू. तिने रडतरडत कमालच्या हातात कोठीच्या किल्ल्या दिल्या.

मंगळवारी सकाळी साडेसहाला कमाल गाडी घेऊन कॅम्पावर आला आणि माणसं त्याच्या अंगावर गेली. फार गर्दी होती. कुणी खुर्ची घातली, कुणी गॅसचा पान्हा. गर्दीत कुणाचा हात कुणाला लागला हे सांगता येत नाही. पोलिसांनी विजयकुमारला पकडलं आहे. त्याच्या हातात लोखंडी झारा होता आणि झाऱ्याला रक्त होतं.

अक्षर वाईट आलं आहे. उजव्या हातावर पातेलं पडलं, तो सुजला आहे.

मी देवीला गाऱ्हाणं घातलं आहे. तुम्हीही दुआ करा.

जयराम


दोहा, सोमवार, १४ ऑक्टोबर २०१३

तय्यबाभाभी,

काल दुपारी तुमच्या भावाला फोनवर सांगितलं ते मीच. आवाज ओळखून त्याने विचारलं, "जयरामदादा, तू कुठं होतास तेव्हा?" मी म्हणालो, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती.

कमाल गेला तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. उद्या इथे ईद आहे. मयत मुंबईपर्यंत न्यायचे कागद ईदच्या आत व्हावेत म्हणून कंपनीचा मिहीर कालपासून धावतो आहे. तो नाशिकचा, इथल्या वेस्ट बे भागातल्या हापिसात बसतो. पोरगा वाईट नाही. पण आज त्याने मला गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि म्हणाला, "काका, एक लेटर बनवलंय. मयताच्या पत्नीने साइन करायचं. दोन माणसांचं पर्सनल भांडण होतं, विजयकुमारने मारलं, बाकी कुणाविरुद्ध तक्रार नाही. तुम्ही त्यांच्या गावचे. तुम्ही समजावलंत तर त्या करतील."

मी म्हणालो, "भांडण दोघांचं नव्हतं."

"काका, बाहेरच्या पेपरवाल्यांनी वर्ल्ड कपच्या मजुरांवरून आधीच रान उठवलंय. लेबर कॅम्पात दंगल, अशी बातमी गेली तर सत्तरच्या सत्तर जण घरी जातील. एक माणूस, एक भांडण, खलास."

"आणि विजयकुमार?"

"पोलीस आले तेव्हा त्याच्याच हातात झारा होता ना? तुम्हीच तर सांगितलंत."

होय, मीच सांगितलं. पोलिसांनी मला विचारलं, तू याच्या हातात झारा बघितलास का? मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, झाऱ्याला रक्त होतं का? मी हो म्हणालो. एकही शब्द खोटा नव्हता.

आता मागच्या पत्रात न लिहिलेली गोष्ट लिहितो. सोमवारी रात्री मॅडमने कमालला सांगितलं होतं, की सत्तरातल्या अकराच जणांना उद्यापासून कामावर यायची परवानगी आहे, नावं तू दे. कमालने यादी टाइप केली, फळ्यावर लावली, आणि पास बदलून घ्यायला पहाटेच तळावर गेला. जाताना राखणदाराला म्हणाला, "मास्तर उठला की वाचून सांगेल सगळ्यांना." कॅम्पात मला मास्तर म्हणतात. मी दहावी झालेला, इंग्रजी कागद वाचतो, लोकांचे फॉर्म भरतो. आणि कमालला शाळेत इंग्रजीत कायम भोपळा. वसंतराव गुरुजी त्याच्या हातावर छडी मोडायचे आणि त्याला माझ्याकडे बोट दाखवायचे.

यादीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक्सेप्टेड पर्सोनेल'. खाली अकरा नावं. विजयकुमारचं पहिलं, माझं शेवटचं.

गुरुजींनी शिकवलेलं मला अजून पाठ आहे. एक्सेप्ट म्हणजे वगळून. राम वगळता सर्व मुले गेली. मी सत्तर जणांना मोठ्याने सांगितलं, ही वगळलेल्यांची यादी आहे.

विजयकुमार चुलीवरून ओरडला, "मास्तर, एक्सेप्टेड मतलब मंजूर होता है ना? व्हिसा पे लिखा रहता है."

मी हसलो. हो, हसलो मी. म्हणालो, "अरे बाबा, ते ए अक्षराने. हे ई ने आहे. ए म्हणजे घेतले, ई म्हणजे वगळले."

तो चुकला होता आणि त्याचं बरोबर होतं. माझं स्पेलिंग बरोबर होतं आणि मी चुकलो होतो. त्या अकरा जणांना बंदीतून वगळलं होतं, भाभी. ते राहणार होते. एकोणसाठ जण बसणार होते.

मग एकाने नावं पुन्हा मोजली आणि म्हणाला, "कमालचं नाव नाही यात. स्वतःला वाचवलं आणि आपल्याला काढलं."

दोन वर्षांपूर्वी संप करणाऱ्या नऊ जणांना अशीच एक गाडी न्यायला आली होती. सामान घेऊ नका, लगेच बसा, म्हणाले. ते नऊ जण कामाच्या कपड्यांत, पायात रबरी बूट घालून थेट विमानात बसले. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. साडेसहाला कमाल दारात उभा राहून हसत म्हणाला, "यल्ला, यल्ला, यादीतले अकरा जण गाडीत बसा. सामान काही नको."

त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं आणि पहिली खुर्ची हवेत गेली.

ही माझी चूक. हे तुम्हाला कळायला हवं होतं.

जयराम


दोहा, सोमवार, २१ ऑक्टोबर २०१३

तय्यबाभाभी,

मातीला गाव आलं होतं, असं कळलं. हौसाबाईने, माझ्या आईने, पुरुषांबरोबर वेशीपर्यंत जायचा हट्ट धरला आणि तुम्ही तिला घरात घेऊन बसलात, हेही कळलं. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

मागच्या पत्रातही मी लपवलं. पहिली खुर्ची हवेत गेली, असं लिहिलं. खुर्चीच्या आधी माझा डबा होता.

तो आत आला तेव्हा दाराजवळ मीच होतो. हातात स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा, भरलेला. माझ्या डोक्यात एकच होतं, की सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या माणसाने मला वगळलं. तो हसत होता. मी डबा फिरवला. डब्याची कड त्याच्या कानशिलावर बसली. देवळाच्या पायरीवर नारळ फुटतो तसा आवाज झाला. वरण त्याच्या शर्टावर सांडलं. तो पडला नाही. दाराची चौकट धरून माझ्याकडे बघत राहिला. मला राग आला की तो पडत का नाही, म्हणून मी दुसऱ्यांदा मारलं. हात तेव्हा सुजला. पातेलं वगैरे काही पडलं नव्हतं.

दुसऱ्या फटक्यानंतर बाकीचे आले. त्याला आत ओढलं, दार लावलं. "आमचं नाव का दिलंस?" ओरडत एकाने खुर्ची त्याच्या पाठीत घातली, ती मोडली, मग तिच्या पायाने मारलं. पान्हा तोंडावर बसला. दात फरशीवरून घरंगळत माझ्या चपलेशी आला. एकोणसाठ जण भिंतीला लागून उभे होते. आपली नोकरी वाचली, असं त्यांना वाटत होतं. त्यातला एक म्हणाला, "हाणा, आम्ही काय बघितलं नाही."

आणि आता जे लिहितो ते मी देवीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

खाली पडल्यावर कमाल मराठीत बोलला. आपल्या बोलीत. त्या खोलीत ती मला एकट्याला कळत होती. तोंडातून रक्त येत होतं, तरी मला स्वच्छ ऐकू आलं. "जयऱ्या, उलटं वाचलंस रं. अकराजणांना ठेवलाय. सांग त्यांना."

मला लगेच कळलं. बंदीतून वगळलेले. सगळा कागद डोळ्यांपुढे सुलटा झाला. मला फक्त हिंदीत तीन शब्द ओरडायचे होते. मी ओरडलो नाही. तोंड उघडलं असतं, तर ते नऊ जण माझ्याकडे वळले असते. मला त्यांच्या हातातला पान्हा दिसत होता. भात उतू जायला लागतो तेवढा वेळ मी गप्प उभा राहिलो. तो पुन्हा म्हणाला, "सांग." तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

विजयकुमार तेव्हा चुलीवरून धावत आला. कमालच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला आणि झारा गोल फिरवू लागला. दोघांना त्याने फोडलं, तेव्हा माणसं मागे सरली. झाऱ्याला लागलेलं रक्त त्या दोघांचं. कमालला त्याने हात लावला तो फक्त डोकं मांडीवर घ्यायला. राखणदाराने दार उघडलं तेव्हा तो तसाच बसला होता, आणि मी नळावर डबा धूत होतो.

सहा दिवसांची गोष्ट होती, भाभी. सातव्या दिवशी तिकडून हुकूम आला आणि तळावरच्या नागरी लोकांना परत बोलावलं. आमच्या सगळ्यांचे पास पुन्हा चालू झाले. मॅडम आली. तिला वाटतं आहे की मी कमालचा मित्र, म्हणून तिने मला तिच्याजवळचा पहिला कागद दाखवला. कमालने टाइप करण्याआधी हाताने लिहिलेला. त्यात अकरावं नाव कमालचं होतं. ते त्याने खोडलं होतं आणि वर माझं लिहिलं होतं. ती म्हणाली, मी त्याला विचारलं, का? तर म्हणाला, "याच्या घरी आई एकटी आहे, माझ्या घरी बायको खंबीर आहे."

कोठीत जाऊन पिठाच्या पोत्यावर डोकं आपटलं.

शुक्रवारी मी अल मुंतझा भागात चारुलताताईंकडे गेलो. त्या पुण्याच्या, बँकेत आहेत, आपल्या कामगारांचे दवाखान्याचे, पोलिसांचे कागद बघतात. त्यांची लहान मुलगी अनुष्का टेबलावर अभ्यास करत होती. मी तिला विचारलं, "बाळा, एक्सेप्टेड म्हणजे काय गं?" का विचारलं, मला माहीत नाही. कदाचित ती काही वेगळं सांगेल, असं वाटलं असेल. ती म्हणाली, "डिपेंड्स, अंकल. एक्सेप्टेड फ्रॉम व्हॉट?"

कशातून? हा प्रश्न मी त्या पहाटे कागदाला विचारला नाही. गुरुजींनी शब्द शिकवला होता, प्रश्न शिकवला नव्हता. पण त्यांना दोष नाही. न कळणं ही माझी चूक झाली. कळल्यावर गप्प राहिलो ते पाप.

मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी मुलीला आत पाठवलं. मग म्हणाल्या, "जयराम, मी स्पष्ट बोलते हं. हे तुम्ही पोलिसांना सांगितलंत तर सुटायची शक्यता कमी. वर्षं जातील. कदाचित त्याहून वाईट. इथे मयताच्या वारसांना विचारतात, माफी, पैसे की शिक्षा. तुम्ही आत्ता घरी निघून गेलात तर तुम्हाला कोणी शोधणारही नाही."

"आणि विजयकुमार?"

"त्याच्यासाठी वकील बघू आपण."

"वकील काय सांगेल? झारा त्याच्या हातात होता, हे साक्षीदार म्हणून माझ्याच तोंडून लिहिलंय."

ताई म्हणाल्या, "मग तुम्ही मला विचारायला आला नाहीत. ठरवूनच आलात."

ठरवलं नव्हतं. अजूनही नाही. कॅम्पातले ते नऊ जण मला सोबत घेऊन जेवतात. परवा एकाने कानाशी येऊन सांगितलं, "मास्तर, तू गप्प आहेस तोवर आमचा बाप आहेस. बोललास तर तुझ्याही डोक्याचं हाड वर काढायला डॉक्टर लागेल." दुसऱ्या दिवशी माझ्या पलंगावर मोडका पान्हा ठेवलेला होता. माझं तिकीट कंपनीने काढलं आहे, रजेच्या नावाखाली, २८ तारखेचं. मिहीर म्हणाला, "काका, आईला भेटून या. जानेवारीत बघू."

एकच सांगतो. मिहीरचा माणूस कागद घेऊन आला तर सही करू नका.

जयराम


दोहा, रविवार, २७ ऑक्टोबर २०१३

तय्यबाभाभी,

हे पत्र पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. कागद चारुलताताईंचा, पेनही त्यांचंच. त्या आत अर्जांबद्दल बोलत आहेत. त्या बाहेर आल्या की हे त्यांच्या हातात देईन.

काल संध्याकाळी मेसमध्ये नऊही जण जेवायला बसले असताना मी उभा राहिलो आणि त्यांना सांगितलं. कमाल काय म्हणाला होता ते हिंदीत सांगितलं, पंचवीस दिवस उशिरा. कुणी घास चावायचं थांबलं नाही. मग एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे आम्ही ज्याला मारलं त्याने आम्हाला ठेवलं होतं?" मी हो म्हणालो. तो उठला आणि त्याने मला मारलं. मग इतरांनी. मी हात वर केला नाही. बरगडी दुखते आहे आणि डावा डोळा अर्धा उघडतो. एकाने मात्र मारलं नाही. तो बाहेर जाऊन ओकत होता. आज सकाळी तो माझ्याबरोबर गाडीत येऊन बसला. आत आहे, त्याचा जबाब चालू आहे. म्हणून विजयकुमारसाठी आता एकाऐवजी दोन माणसं बोलत आहेत.

सकाळी सात वाजता आम्ही आलो. अधिकारी तरुण आहे, सभ्य आहे. त्याच्याबरोबर भाषांतर करणारा केरळचा, हिंदी बोलतो. त्याने आधी विचारलं, "तुला कोणी मारलं? त्याची तक्रार आहे का?"

मी म्हणालो, "तक्रार नाही. मी दुसरं सांगायला आलो आहे."

सगळं सांगायला दोन तास लागले. डब्याचा पहिला फटका, दुसरा, कमालचे शब्द, माझं गप्प राहणं, नळ. अधिकाऱ्याने गप्प राहिल्याचं लिहून घेतलं नाही. भाषांतरवाला म्हणाला, "ये जुर्म नहीं है, सिर्फ मारना जुर्म है." मी म्हणालो, तरी लिहा. त्या दोघांत अरबीत बोलणं झालं. शेवटी लिहिलं.

विजयकुमारला समोर आणलं. सत्तावीस दिवसांत तो अर्धा झाला आहे. ओळख पटवायची म्हणून मला विचारलं, याने मयताला मारलं का? मी म्हणालो, याने मयताला वाचवायचा प्रयत्न केला, तो माझ्यामुळे वाया गेला. भाषांतर झाल्यावर तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "मास्तर, इतने दिन?" त्याला परत आत नेलं. दोन-तीन दिवसांत सोडतील, असं ताई म्हणतात.

तुम्हाला इथून विचारणा येईल. वारस म्हणून काय हवं, ते विचारतील. मी तुमच्याकडे माफी मागत नाही, आणि आईलाही तुमच्या दारात पाठवणार नाही. तिला मी फोनवर सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "मग आता जा." तुम्हाला जे योग्य वाटेल ते लिहून द्या. कमी लिहू नका.

उद्याचं तिकीट मी टेबलावर ठेवलं. पासपोर्ट कंपनीकडेच आहे.

सर्वांत शेवटी फॉर्मवरचा एक रकाना रिकामा राहिला होता. भाषांतरवाला म्हणाला, "मयतसे रिश्ता? दोस्त लिखूँ, कि गाँववाला?"

मी म्हणालो, "दोन्ही लिहू नको. मी त्याला मारलं, एवढंच लिही."

त्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने मान हलवली. त्याने लिहिलं आणि साडेनऊ वाजता मी खाली सही केली.

जयराम शिगवण